हात वर येतात का?

गिरगावातल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, सकाळी अकराच्या सुमारास, दोन माणसं तिसऱ्याच्या आजारावरून वाद घालत होती. तो तिसरा, म्हणजे शेजारच्या खोलीतले आबा, वय ७६, गॅलरीतल्या बाकावर पेपर उघडून बसला होता आणि यातलं काहीच ऐकू येत नसल्यासारखा दिसत होता. आबांना खरोखरच कमी ऐकू येतं, हे पुढे तासाभरानं उघड झालं.

वाद मामा आणि भाचीचा. मामांनी रेडिओथेरपीच्या मशीनवर तंत्रज्ञ म्हणून एकतीस वर्षं काढली. भाची वृद्धांच्या आजारांची डॉक्टर. मामा, भाची आणि आबा ही या लेखापुरती उभी केलेली माणसं आहेत. त्यांच्या बोलण्यातले आकडे, वर्षं आणि चाचण्या मात्र खऱ्या.

आबांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली होती, ऑपरेशन करता न येण्यासारखी. किरणांचे शेक घ्यायचे ठरले होते: एकूण ६० ग्रे इतकी मात्रा, ३० भागांत, सोमवार ते शुक्रवार, सलग सहा आठवडे. सोबत केमो द्यायची की नाही, हे अजून ठरायचं होतं. येत्या सोमवारी प्लॅनिंगचा स्कॅन होता. भाचीचं म्हणणं एवढंच, की त्याआधी आबांचं वृद्ध म्हणून नीट मूल्यमापन व्हावं.

"म्हणजे काय करणार?" मामा म्हणाले. "तासभर प्रश्न विचारणार. आणि गाठ तोवर थांबून राहणार?"

"तासाभरानं गाठ वाढत नाही मामा. पण तिसऱ्या आठवड्यात आबा जिन्यात पडले, तर आठ दिवस शेक बंद. त्याचं काय?"

मामांचा मुद्दा अगदीच हटवादीपणाचा नव्हता. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो माणसं टेबलावर झोपवली आणि उठवली. पेशंट दारातून आत येईपर्यंत त्यांना अंदाज यायचा, की हा तिसाव्या दिवसापर्यंत टिकेल की पंधराव्यालाच बसेल. डॉक्टरही थोडंफार तेच करतात, फक्त त्याला आकडा देतात. शून्य म्हणजे ठणठणीत, चार म्हणजे अंथरुणाला खिळलेला, पाच म्हणजे संपलं. कॅन्सरच्या जगात 'ईकॉग' नावानं चालणारी ही मोजपट्टी १९८२ साली छापून आली. गिरणगाव हे वर्ष संपासाठी लक्षात ठेवतं. जगभरचे कॅन्सर-डॉक्टर ते अख्खा माणूस एका आकड्यात बसवणाऱ्या या पट्टीसाठी लक्षात ठेवू शकतील.

"त्या आकड्यातच तर घोळ आहे," भाची म्हणाली. "आबा ओपीडीत गेले कसे? इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली. डॉक्टरांनी विचारलं कसं काय, तर म्हणाले मजेत. आपल्याकडचा म्हातारा मरणाच्या दारात असला तरी मजेतच असतो. खुर्चीपासून तपासणीच्या पलंगापर्यंत दहा पावलं चालले. लिहिलं, ईकॉग एक."

मग तिनं घरातून बिनहाताची खुर्ची आणली आणि गॅलरीत ठेवली. फरशा फूटभराच्या होत्या. दहा फरशा मोजून खडूनं रेघ मारली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि घड्याळ लावायचं. आधी मामा. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि नऊ सेकंदांत परत आले. आबांना सतरा लागले. उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटले आणि वळताना गॅलरीचा कठडा धरला. साधारण बारा-चौदा सेकंदांच्या पुढे गेलं, की पडण्याचा धोका धरतात.

मामा घड्याळाकडे बघत राहिले. "कठडा धरतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," ते म्हणाले. शेजारी राहून बावीस वर्षं झाली होती.

ही काही कालपरवाची टूम नाही. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात १९३५ साली मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंच्या हाती शेजारच्या वर्कहाउसमधले, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहातले, सातशेच्या वर वृद्ध आणि जर्जर रोगी सोपवले गेले. बरेचसे वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले. बाईंनी एकेकाला तपासलं, कोणाला काय जमतं आणि काय जमत नाही ते लिहून काढलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना पायांवर उभं करून घरी पाठवलं. निदान एकच असलं तरी माणसं वेगवेगळी असतात, हे त्यांनी कागदावर आणलं. कॅन्सरच्या दवाखान्यांपर्यंत ते यायला पुढे कित्येक दशकं गेली.

परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. साठी ओलांडलेल्या कॅन्सर-रुग्णांसाठी तिथे वेगळा दवाखाना २०१८ साली निघाला, डॉ. वनिता नोरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला. चालणं आणि पडणं, जुने आजार, खाणं आणि वजन, गोळ्यांची संख्या, स्मरणशक्ती, मनाची अवस्था, घरात बघणारं कोण, हे सगळं तिथे पाहिलं जातं. गाठीचा फोटो काढतात, तसाच गाठ वागवणाऱ्या माणसाचा.

"साठीला म्हातारा?" मामा म्हणाले. "अमेरिकेत तर ही मोजमापं पासष्टीनंतर करतात."

"कारण तिकडे फुफ्फुसाचा कॅन्सर निघतो तोच सत्तरीच्या आसपास. आपल्याकडे टाटातल्या ४८९ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली छापून आला. त्यात मधलं वय होतं ५६, आणि अर्ध्याहून जास्त, ५२ टक्के लोकांनी कधी विडी-सिगरेट ओढलेली नव्हती."

"मग तुझे हे फॉर्म त्यांचेच ना? तिकडच्या सत्तरीच्या माणसांसाठी केलेले?"

हा टोला बरोबर बसला. फॉर्ममध्ये विचारतात, स्वयंपाक स्वतः करता का, कपडे स्वतः धुता का. आबांनी आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही. म्हणून त्यांना कमी गुण द्यायचे? (हे प्रश्न १९६९ साली लॉटन यांनी आपल्या सहकारी बाईंसह रचले, तेव्हा पुरुषांना स्वयंपाक आणि धुणं यांतून वगळलंच होतं. दोघंही हुशार.) उलट जे विचारायला हवं ते छापील कागदावर नाही. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, आणि तो भारतीय पद्धतीचा. रात्री दोनदा तिथपर्यंत जाता येतं का? उकिडवं बसून आधाराशिवाय उठता येतं का? गिरगावात माणसाचं बळ मोजायला याहून चांगली परीक्षा नाही.

आबांना ते विचारलं. आबांनी पेपरचं पान उलटलं. पुन्हा मोठ्यानं विचारल्यावर म्हणाले, "नळाचा पाइप धरून उठतो. त्यात काय!"

नंतर गोळ्या आल्या. भाचीनं आबांच्या सुनेला सांगितलं, घरात जे काही औषध म्हणून आहे ते सगळं एका पिशवीत घालून आण. पिशवी कापडाच्या दुकानाची निघाली आणि भरलेली निघाली. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन दोनदा, दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली. आबा दोन्ही घेत होते, कारण एक पांढरी आणि दुसरी गुलाबी. साखरेची मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. झोपेसाठी अल्प्राझोलॅम, 'कधीकधी', पण पाकीट अर्धं संपलेलं. गुडघ्यासाठी कोपऱ्यावरच्या केमिस्टनं दिलेली डायक्लोफिनॅक. त्रिफळा चूर्ण. आणि एका पुडीत तीन गोळ्या, ज्या कशासाठी आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं.

"आता ऐक मामा," भाची म्हणाली. "छातीच्या मध्यावर शेक लागला की अन्ननलिकेला सूज येते. साधारण कधी?"

"दुसरा आठवडा संपता संपता. तिसऱ्यात गिळताना आग व्हायला लागते." हे मामांना पाठ होतं.

"म्हणजे तिसऱ्या आठवड्यात आबांचं जेवण निम्मं होणार. ग्लिमेपिराइड मात्र तेवढीच जाणार. पोटात अन्न नाही आणि गोळी साखर खाली ओढतेय. त्यात टॅमसुलोसिननं आणि दुप्पट अ‍ॅम्लोडिपिननं उठताना चक्कर. त्यात रात्रीची झोपेची गोळी. आणि त्यात तुमचा हा जिना."

जिना चोपन्न पायऱ्यांचा आहे; मामांनी लहानपणी मोजून ठेवलेला. तीस दिवस रोज एकदा खाली, एकदा वर, म्हणजे तीन हजार दोनशे चाळीस पायऱ्या. शिवाय चर्नी रोडला गाडी पकडायची, प्रभादेवीला उतरायचं, तिथून पूल चढून परळला यायचं. शेकाला स्वतःला दहा मिनिटं लागतात आणि तो दुखत नाही, हे मामांचं लाडकं वाक्य. ते खरंच आहे. पण दहा मिनिटांच्या शेकासाठी रोजचे चार तास आणि शंभरावर पायऱ्या खर्ची पडतात, आणि हा हिशेब ग्रेच्या हिशेबात येत नाही.

इथपर्यंत भाचीची सरशी होती. मामा मात्र गप्प बसणारे नव्हते. निवृत्त झाल्यावरही त्यांनी वाचन सोडलेलं नाही.

"पुरावा काय आहे?" त्यांनी विचारलं. "माझ्या माहितीनं फ्रान्समध्ये यावर चाचणी झाली. फुफ्फुसाचाच कॅन्सर, सत्तरीच्या पुढचे ४९४ पेशंट. निम्म्यांचे उपचार वय आणि ईकॉग बघून ठरवले, निम्म्यांचे तुझ्या या मूल्यमापनावरून. माणसं जास्त जगली का? नाही जगली."

चाचणीचं नाव एसोजिया. निकाल २०१६ साली आला. मामांनी तो बरोबर सांगितला होता, पण अर्धा. मूल्यमापनावर चाललेल्या गटात औषधांचा त्रास कमी लोकांना झाला: ९३ टक्क्यांऐवजी ८६. आणि त्या चाचणीत मूल्यमापनाचा उपयोग फक्त कोणाला कोणती केमो द्यायची, की द्यायचीच नाही, हे ठरवायला झाला. अशक्त निघालेल्या माणसाला सशक्त करायला कोणी काही करावं, अशी तिची रचनाच नव्हती.

"जिथे केलं, तिथे फरक पडलाय," भाची म्हणाली. अमेरिकेत सुप्रिया मोहिले यांच्या गटानं सत्तरीच्या पुढच्या ७१८ रुग्णांवर केलेली चाचणी २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. डॉक्टरांच्या हातात मूल्यमापनाचा सारांश आणि काय करावं याच्या सूचना दिल्या, तेव्हा गंभीर त्रास ५१ टक्क्यांना झाला. नेहमीच्या पद्धतीत ७१ टक्क्यांना. आयुष्य तेवढंच राहिलं. कॅलिफोर्नियातल्या ६१३ रुग्णांच्या चाचणीतही गंभीर त्रास ६०.६ वरून ५०.५ टक्क्यांवर आला.

"सगळी केमो!" मामांनी टेबलावर थाप मारली. "एकात तरी नुसता शेक आहे का? फ्रान्समध्येच डोक्या-मानेच्या कॅन्सरवाल्या वृद्धांवर मोठी चाचणी झाली, त्यात शेक घेणारेही होते, आणि फरक पडला नाही. तुम्ही औषधाचं सोवळं आमच्या मशीनला नेसवताय."

भाचीनं मान्य केलं. करायलाच हवं होतं. शेकाच्या बाबतीत पुरावा अजून तोकडा आहे, आणि केमोतून उसना आणलेला तर्क शेकाला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. किरणांचा त्रास बहुतेक करून जिथे शेक लागतो तिथेच होतो. केमो सगळ्या शरीरभर फिरते. या मुद्द्यावर मामांचं पारडं जड आहे, आणि मूल्यमापनाचा उत्साह बाळगणाऱ्यांनी ते मोकळेपणानं सांगितलं पाहिजे.

मामांच्या विरोधाचं खरं कारण मात्र याहून खोल होतं, आणि ते दुसऱ्या चहाच्या वेळी बाहेर आलं.

"तुला सांगू का, या फॉर्मांची मला भीती वाटते. एकतीस वर्षांत कितीदा ऐकलं, पिकलं पान आहे, कशाला त्रास देता. घरचे म्हणायचे, कधीकधी डॉक्टरही. आता त्याच वाक्याला गुण मिळणार. सतरापैकी बारा, म्हणून आबांना घरी पाठवा. वर कागदोपत्री अगदी शास्त्रशुद्ध."

ही भीती पोकळ नाही. जपानमध्ये सत्तरीच्या पुढच्या २०० रुग्णांवर, आबांसारख्याच तिसऱ्या टप्प्यातल्या गाठीसाठी, चाचणी झाली. निम्म्यांना नुसते ६० ग्रे, निम्म्यांना शेकासोबत रोज थोडंथोडं कार्बोप्लॅटिन. २०१२ साली निकाल आला: नुसत्या शेकावर मधलं आयुर्मान १६.९ महिने, औषधासह २२.४. रक्तपेशी घटण्याचा त्रास वाढला, पण साडेपाच महिने मिळाले. वय बघून केमो नाकारली असती, तर ते मिळाले नसते. नेदरलँडमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांत लहान गाठींसाठी मोजक्या दिवसांचा, नेमक्या जागेवरचा मोठ्या मात्रेचा शेक सुरू झाला, तेव्हा उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण घटलं. वय तेच होतं. उपचार त्या वयाला झेपेल असा केला गेला.

"म्हणूनच मोजायचं," भाची म्हणाली. "मोजलं नाही की वय बोलतं. मोजलं तर ऐंशीचा एखादा गडी पूर्ण उपचारांना लायक निघतो. आणि तो आठ प्रश्नांचा जी-८ आहे ना, सतरापैकी चौदा किंवा कमी, त्याचा अर्थ घरी पाठवा असा नाहीच. अजून खोलात बघा, एवढाच. आठ प्रश्नांना दहा मिनिटं लागत नाहीत. तासभर फक्त जे त्यात अडकतील त्यांच्यासाठी. परळच्या गर्दीत तेवढं जमतं."

आबांना जी-८ मध्ये अकरा मिळाले. तीन महिन्यांत वजन किती उतरलं, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही; पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, हे सुनेनं सांगितलं.

आणि मग मामा उठले. इतका वेळ भाचीचे प्रश्न ऐकून घेतलेला माणूस आता स्वतःचा एक प्रश्न घेऊन आबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, हात वर करा. दोन्ही. डोक्याच्या मागे न्या आणि तसेच ठेवा."

डावा गेला. उजवा कानापर्यंत येऊन थांबला आणि आबांचा चेहरा वाकडा झाला. तीन वर्षांपूर्वी खांदा आखडला होता, तेव्हापासून तो असाच.

"हे तुझ्या फॉर्मात आहे?" मामांनी भाचीला विचारलं.

नव्हतं. फुफ्फुसाच्या शेकासाठी माणूस कडक, सपाट टेबलावर उताणा झोपतो आणि दोन्ही हात डोक्याच्या वर दांड्याला धरून ठेवतो, म्हणजे दंड किरणांच्या वाटेत येत नाहीत. खाली बारीक मण्यांनी भरलेली पिशवी असते. तिच्यातली हवा ओढली, की ती अंगाच्या साच्यासारखी घट्ट होते आणि रोज त्याच साच्यात झोपायचं. प्लॅनिंगच्या दिवशी हे वीस-वीस मिनिटं चालतं. छातीवर बारीक ठिपके गोंदतात. भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेषा रोज त्या ठिपक्यांवर जुळवायच्या. पाचव्या मिनिटाला खांदा कळवळला आणि हात दोन बोटं खाली आला, तर छाती हलते, ठिपके हलतात आणि किरणं गाठ सोडून शेजारी पडतात. हात खाली ठेवूनही शेक देता येतो, पण किरणांच्या दिशा बदलाव्या लागतात आणि ते आधी माहीत असलं पाहिजे. मामांनी हे दोन मिनिटांत सांगितलं, आणि एवढ्या वेळात भाची पहिल्यांदाच नुसती लिहून घेत होती.

मामांनी आणखी तीन गोष्टी विचारल्या. रात्री किती उशा घेता? तीन, सपाट झोपलं की दम लागतो आणि खोकला येतो. लघवी किती वेळ धरता? अर्धा तास मुश्किलीनं. तिसरं त्यांनी विचारलंच नाही. खोलीच्या आत जाऊन, दाराआडून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आबा, हलू नका." आबा शांतपणे उठून पाणी प्यायला गेले. शेक चालू असताना पेशंट खोलीत एकटाच असतो आणि सगळ्या सूचना स्पीकरवरून येतात.

नऊ ओळींचा कागद तयार झाला. पाच भाचीच्या, चार मामांच्या. वाद मात्र मिटला नाही. या नऊ ओळींना मूल्यमापन म्हणायचं की अनुभव, यावर दुपारी दीडपर्यंत चर्चा चालली. त्यात एक गोष्ट दोघंही विसरले होते आणि ती शेवटी सुनेनं केली. तिनं आबांजवळ बसून, कानाशी तोंड नेऊन विचारलं, तुम्हाला काय वाटतं, घ्यायचे का शेक? आबा म्हणाले, घेतो, पण रोज कोणावर भार नको. आणि नळी घालून पडून राहायचं नाही.

सोमवारी तो कागद परळच्या डॉक्टरांच्या टेबलावर गेला. साखरेच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड कमी केली आणि दुसरी अ‍ॅम्लोडिपिन बंद केली. सहा आठवडे आबांनी नायगावला लेकीकडे, तळमजल्यावर राहायचं ठरलं. केमोचा निर्णय पहिल्या दहा शेकांनंतर घ्यायचा ठरला. आणि त्या सोमवारी प्लॅनिंग झालंच नाही. खांद्याला रोज दोनदा गरम पिशवी आणि व्यायाम देऊन ते पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी झालं.

हात अठरा मिनिटं वर राहिले. उजव्याखाली उशी द्यावी लागली.